प्रकरण ६ : चौपट महाग विजेवर घर कसं तापवायचं?

आमच्या शेजारच्या काकू जानेवारीत नाशिकहून लेकीकडे गेल्या होत्या, इंग्लंडातल्या रेडिंगला. बाहेर पारा शून्याजवळ, पण घरात स्वेटर नको इतकी ऊब. काकूंनी सहज रेडिएटरला हात लावला आणि लेकीला हाक मारली, "अगं, हा तर कोमटच आहे. बिघडलाय की काय?"

"नाही गं आई. गॅसचा बॉयलर काढून आम्ही हीट पंप बसवलाय. तो असाच चालतो."

"आणि चालतो कशावर?"

"विजेवर."

"म्हणजे तुमच्याकडे वीज गॅसपेक्षा स्वस्त आहे?"

"छे! चौपट महाग आहे."

काकू परतल्या त्या डोक्यात हा भुंगा घेऊनच. मला गाठून म्हणाल्या, "चौपट महाग इंधनावर घर तापवायचं, यात शहाणपण कसलं? आणि उद्या वीज आणखी महागली तर?"

प्रश्न रास्त आहेत आणि हीट पंप घ्यायला निघालेलं प्रत्येक कुटुंब ते विचारतं. उत्तरासाठी आपण ब्रिटनमध्येच राहू. तिथे गेल्या काही वर्षांत गॅस आणि वीज दोन्हींचे भाव झोपाळ्यासारखे वरखाली झाले. शिवाय तिथलं गॅसचं बिलही किलोवॅट-तासात, म्हणजे आपण ज्याला 'युनिट' म्हणतो त्यातच येतं. त्यामुळे दोन्ही इंधनं एकाच तराजूत तोलता येतात.

१. याला 'पंप' का म्हणायचं?

विजेची शेगडी एक युनिट वीज घेते आणि एक युनिट उष्णता देते. कितीही महागडी शेगडी आणा, त्याहून जास्त मिळत नाही. गॅसचा बॉयलर तर थोडं कमीच देतो. जळालेल्या वायूबरोबर काही उष्णता धुराड्यातून निघून जाते. चांगला बॉयलर एका युनिट गॅसमधून साधारण ०.८५ ते ०.९ युनिट ऊब घरात पोचवतो.

हीट पंप उष्णता तयार करत बसत नाही, ती उपसतो. आपल्या शेतातला पंप पाणी निर्माण करतो का? पाणी विहिरीत असतंच, पंप ते फक्त वर आणतो आणि वीज लागते ती तेवढ्या श्रमाची. तसाच हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो. थंड हवेत कसली उष्णता, असं वाटेल. पण शून्य अंशाच्या हवेतही उष्णता असते. पंपाच्या नळ्यांमधला द्रव त्याहून थंड ठेवला की बाहेरची उष्णता आपोआप त्यात शिरते. त्याची वाफ होते, ती वाफ दाबली की तापते आणि ती धग रेडिएटरच्या पाण्याला मिळते. घरातल्या फ्रिजच्या मागे हात लावून पाहा. तिथली ऊब आतल्या दुधा-भाज्यांतून उपसलेली असते. हीट पंप म्हणजे सगळ्या बाहेरच्या जगाला फ्रिजच्या आत धरून आपण त्याच्या पाठीशी राहायचं!

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८५२मध्येच ती मांडली होती. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी १९५१च्या सुमाराला थेम्स नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारं यंत्र बसवलं गेलं. ते चाललंही, पण गरजेपेक्षा फार मोठं असल्यामुळे खर्चाचं गणित जमलं नाही. विज्ञान पास, हिशेब नापास. हीट पंपाच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा घडलं आहे, म्हणूनच हे प्रकरण हिशेबाचं आहे.

२. विहीर किती खोल?

एक युनिट वीज घालून किती युनिट ऊब मिळाली, या आकड्याला तंत्रज्ञ 'सीओपी' म्हणतात. आपण त्याला नुसतं 'पट' म्हणू. एक युनिट विजेत तीन युनिट ऊब मिळाली, तर पट ३.

हा पट यंत्राच्या डब्यावर कायमचा छापलेला नसतो. विहिरीचं पाणी खोल गेलं की तेवढ्याच विजेत कमी पाणी निघतं. इथे खोली म्हणजे बाहेरची हवा आणि रेडिएटरचं पाणी यांच्या तापमानातलं अंतर. बाहेर ० अंश असताना पाणी ५५ अंशांना तापवायचं तर उपसा ५५ अंशांचा. तेच पाणी ३५ अंशांवर भागलं तर उपसा ३५ अंशांचा. रेडिएटरच्या पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवलं की साधारण दोन-अडीच टक्के वीज वाचते.

आता काकूंचा कोमट रेडिएटर आठवा. त्याचं काय गुपित आहे ते शेवटी पाहू. तूर्त एवढंच लक्षात ठेवू की कोमट पाणी म्हणजे उथळ विहीर.

थंडी कमी-जास्त होते तसा पटही रोज बदलतो, म्हणून वर्षभराची सरासरी पाहायची. ब्रिटिश सरकारने सातशेहून अधिक घरांत हीट पंप बसवून मोजमाप केलं, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांची मधली सरासरी २.८ च्या आसपास आली. नीट आखणी केलेल्या घरांत ती ३.५ ते ४ पर्यंतही जाते. या प्रकरणात आपण मध्यम, म्हणजे ३ हा आकडा धरू.

३. एक भागाकार, एक गुणाकार

वीज गॅसच्या चौपट महाग, पण पंप तिप्पट ऊब देतो. मग तोटा किती? त्यासाठी भाव वेगवेगळे पाहायचेच नाहीत, त्यांचं गुणोत्तर पाहायचं.

ब्रिटनमध्ये 'ऑफजेम' ही नियामक संस्था घरगुती दरांवर कमाल मर्यादा घालते. ऑक्टोबर २०२५मध्ये ही मर्यादा विजेसाठी सरासरी २६.४ पेन्स आणि गॅससाठी ६.३ पेन्स प्रतियुनिट होती. (१०० पेन्स म्हणजे १ पौंड.)

पहिली पायरी : २६.४ ला ६.३ ने भागा. उत्तर ४.१९. काकूंची लेक 'चौपट' म्हणाली ते बरोबरच होतं.

दुसरी पायरी : बॉयलरही थोडा गॅस वाया घालवतो, म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणा. आलं ३.५६.

हा झाला बरोबरीचा पट. तुमच्या पंपाची वर्षाची सरासरी ३.५६ च्या वर असेल तर तो गॅसपेक्षा स्वस्त, खाली असेल तर महाग. भाव बदलले की हा उंबरठा वर-खाली होतो. कागदाच्या चिठोऱ्यावर मावणारा हा हिशेब पाठ करून ठेवावा. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

४. एक घर, तीन हिवाळे

एक घर घेऊ. त्याला वर्षाला १०,००० युनिट ऊब लागते. बॉयलर असेल तर त्यासाठी सुमारे ११,७६५ युनिट गॅस जाळावा लागेल. हीट पंप असेल आणि पट ३ असेल, तर ३,३३३ युनिट वीज पुरेल. आता हेच घर तीन वेगवेगळ्या वेळच्या दरांतून नेऊ.

ऑक्टोबर २०२१ : गॅस सुमारे ४ पेन्स, वीज सुमारे २१ पेन्स. बॉयलरचा खर्च ४७१ पौंड, पंपाचा ७०० पौंड. बरोबरीचा पट जवळजवळ ४.५.

ऑक्टोबर २०२२ : युक्रेन युद्धानंतर रशियाकडून युरोपला येणारा गॅस आटला आणि भाव भडकले. सरकारने मध्ये पडून दर रोखले, तरी गॅस १०.३ आणि वीज ३४ पेन्सवर गेली. बॉयलरचा खर्च १,२१२ पौंड, पंपाचा १,१३३ पौंड. बरोबरीचा पट २.८.

ऑक्टोबर २०२५ : गॅस ६.३, वीज २६.४ पेन्स. बॉयलर ७४१ पौंड, पंप ८८० पौंड. बरोबरीचा पट ३.५६.

मधल्या हिवाळ्याकडे पुन्हा बघा. तिन्ही वर्षांत वीज सर्वांत महाग होती ती २०२२मध्ये, आणि हीट पंप गॅसपेक्षा स्वस्त ठरला तो नेमका त्याच वर्षी! पंप तोच, घर तेच. वीज महागली की पंपवाल्याचं दिवाळं, हा काकूंचा अंदाज इथे उलटा पडला. कारण गॅस अडीच पटीहून जास्त वाढला, तर वीज दीड पटीच्या थोडी वर. पंपवाल्यालाही बिल झोंबलंच. बॉयलरवाल्याला ते जास्त झोंबलं.

५. गॅस शिंकला की विजेला सर्दी

पण गॅस महागला तर वीज मुळात महागावीच का? वारा काही रशियातून येत नाही.

समजा, गावात लग्न आहे आणि ५०० लिटर दूध हवं आहे. गावातले गवळी ४० रुपयांना द्यायला तयार आहेत, शेजारच्या गावचे ५० रुपयांना. तरी शेवटचे ५० लिटर कमी पडतात, ते तालुक्याहून ७० रुपयांनी आणावे लागतात. आणि रीत अशी की, शेवटचं दूध ज्या भावाने आलं तोच भाव सगळ्यांना द्यायचा. झालं, सगळंच दूध ७० रुपयांचं! विजेचा घाऊक बाजार याच रीतीने चालतो. पवनचक्क्या, अणुवीज हे स्वस्तातले पुरवठादार आधी घेतले जातात, आणि शेवटची तूट बहुधा गॅसवर चालणारी केंद्रं भरून काढतात. २०२१मध्ये ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक तासाला विजेचा घाऊक भाव गॅसच ठरवत होता.

मग वीज गॅसइतकी का वाढली नाही? त्याचं उत्तर बिलाच्या पोटात आहे. आपल्या महावितरणच्या बिलावर जसा 'वहन आकार' असतो, तसा तिथल्या प्रत्येक युनिटच्या दरातही तारा, खांब, वितरण यांचा खर्च मिसळलेला असतो. त्यातच हरित ऊर्जेला आधार देण्यासाठी घेतलेले अधिभारही येतात, आणि हे अधिभार वर्षानुवर्षं गॅसपेक्षा विजेवरच जास्त लादले गेले. हा सगळा भाग गॅसच्या भावाबरोबर हलत नाही. खिचडीत डाळ दुप्पट महाग झाली म्हणून खिचडी दुप्पट महाग होत नाही, कारण तांदूळ तोच असतो. गॅसच्या दरात डाळच डाळ आहे. विजेच्या दरात तांदूळही बराच आहे.

यातून एक चमत्कारिक नियम निघतो. गॅस भडकला की गुणोत्तर उतरतं आणि पंप चमकतो. गॅस स्वस्त झाला की दोन्ही बिलं हलकी होतात, पण गुणोत्तर चढतं आणि पंप फिका दिसतो.

अधिभार कुठून घ्यायचा हे सरकारच्या हातात असतं. ब्रिटनच्या नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात घरगुती वीजबिलातून जाणाऱ्या अशा एका जुन्या अधिभाराचा तीन चतुर्थांश भार एप्रिल २०२६पासून तीन वर्षांसाठी सरकारी तिजोरीवर घेण्याचं ठरलं. हीट पंपाच्या स्क्रूलाही हात न लावता त्याचा बरोबरीचा पट खाली आणण्याचा हा मार्ग आहे.

६. एक पेनी वाढली तर

आता काकूंचा दुसरा प्रश्न : उद्या भाव वाढले तर? आपल्या त्याच घरावर फक्त एका पेनीचा प्रयोग करू.

गॅस युनिटमागे १ पेनीने वाढला, तर बॉयलरवाल्याचं वर्षाचं बिल ११८ पौंडांनी वाढतं.

वीज युनिटमागे १ पेनीने वाढली, तर पंपवाल्याचं बिल ३३ पौंडांनी वाढतं. त्याला युनिटच कमी लागतात.

चाणाक्ष वाचक म्हणेल, ही तुलना खोटी आहे. गॅस एका पेनीने वाढला तर वीज त्याहून जास्त वाढते. अगदी बरोबर. गॅसवरचं वीजकेंद्र दोन युनिट गॅस जाळून साधारण एक युनिट वीज देतं. म्हणजे गॅसची एक पेनी विजेत शिरताना दोन पेन्स होते. तसं धरलं तरी पंपवाल्यावर पडणारा भार ६७ पौंड, बॉयलरवाल्यावर ११८.

याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे. एक युनिट गॅस घरच्या बॉयलरमध्ये जाळला तर ०.८५ युनिट ऊब. तोच गॅस वीजकेंद्रात जाळून अर्धा युनिट वीज केली आणि ती पंपाला दिली तर दीड युनिट ऊब. वाटेत तारांमध्ये थोडी गळती होते, ती धरली तरी पारडं पंपाकडेच झुकतं. सगळी वीज गॅसचीच असली तरी पंपाच्या घराला गॅस कमी लागतो. म्हणून गॅसचे हादरे त्याला बसतात, पण गादीवरून. अर्थात गादी दोन्ही बाजूंनी काम करते. गॅस कोसळला तर बॉयलरवाल्याची जितकी चैन होते, तितकी पंपवाल्याची होत नाही.

७. बिलातले दोन कोपरे : मीटर आणि घड्याळ

पहिला कोपरा मीटरचा. एकही युनिट न वापरता भरावा लागणारा आपल्याकडचा 'स्थिर आकार' तिथेही आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये गॅसचा हा आकार दिवसाला सुमारे ३४ पेन्स होता, म्हणजे वर्षाला १२४ पौंड. हीट पंप बसवून स्वयंपाकाची शेगडीही इंडक्शनची केली, तर गॅसचं मीटरच काढून टाकता येतं. मग बॉयलरचा खरा खर्च ७४१ नव्हे, ८६५ पौंड धरायला हवा आणि बरोबरीचा पट ३.५६ वरून ३.०५ च्या आसपास येतो. आपल्या मध्यम पंपाचे ८८० पौंड आता फारसे महाग वाटत नाहीत. हीट पंप बसवून गॅसची शेगडी ठेवणारं घर मात्र हे १२४ पौंड केवळ चहाच्या आधणासाठी भरत राहतं.

दुसरा कोपरा घड्याळाचा. वीज रात्री आणि दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग असते. हीट पंप असलेल्या घरांसाठी तिथल्या काही कंपन्यांनी तासांनुसार दर ठेवले आहेत. अशा एका योजनेत संध्याकाळी ४ ते ७ हा काळ सर्वांत महाग असतो. आपल्याकडेही महावितरणने जुलै २०२५पासून वेळेनुसार वापर नोंदवणारं 'टीओडी' मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू केली, तिचं तत्त्व हेच.

पण ऊब लागते संध्याकाळी, मग दुपारच्या विजेचा उपयोग काय? उन्हात तापलेली आपल्या घराची पश्चिमेची भिंत रात्री जेवणं उरकेपर्यंत धग देते, हे आपण भोगलेलं आहे. घर स्वतःच उष्णतेचं कोठार असतं. महाग तास सुरू होण्याआधी घर एखाद अंश जास्त तापवून ठेवायचं आणि मग पंपाला विश्रांती द्यायची. समजा, निम्मी वीज १४ पेन्सची मिळाली आणि निम्मी २७ची, तर ३,३३३ युनिटांचे होतात ६८३ पौंड. बॉयलरच्या ७४१ पौंडांपेक्षाही कमी. भिंतीतून ऊब गळणाऱ्या घराला मात्र हे जमत नाही. फुटक्या माठात पाणी साठवण्यासारखंच ते.

८. नॉर्वे ते नाशिक

गुणोत्तराची ही किल्ली इतर देशांची कुलपंही उघडते. नॉर्वेसारख्या कडाक्याच्या थंडीच्या देशात साठ टक्क्यांच्या आसपास घरांत हीट पंप कसे? तिथे घरोघरी गॅसची नळी पोचलेलीच नाही आणि जलविद्युत मुबलक. पंपाची स्पर्धा होती विजेच्या साध्या शेगडीशी. वीज विरुद्ध वीज, म्हणजे गुणोत्तर १. कडक थंडीत पट २ वर घसरला तरी पंपच जिंकतो. स्वीडनने १९९१मध्येच इंधनांवर कार्बन कर लावला; त्याने तेल महाग केलं आणि गुणोत्तर पंपाच्या बाजूने वळवलं.

आपल्याला नाशिकमध्ये घर तापवायची गरज नाही, पण अंघोळीच्या पाण्याची आहे. तिथे पंपाची गाठ गीझरशी, म्हणजे पुन्हा वीज विरुद्ध वीज. १०० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला गीझरला जवळजवळ ३ युनिट लागतात. पट ३ असलेल्या हीट पंपाला १ युनिट. युनिट १० रुपयांचं धरलं तर रोज २० रुपये वाचतात, १२ रुपयांचं झालं तर २४. वीज जितकी महाग, तितकी बचत मोठी. शिवाय आपल्याकडे वापर वाढला की दराचा टप्पाही वाढतो, त्यामुळे वाचतात ती वरच्या टप्प्यातली महाग युनिटं. यंत्राची किंमत गीझरपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून ते आधी परवडतं ते रोज हजारो लिटर गरम पाणी लागणाऱ्या हॉटेलांना, वसतिगृहांना आणि रुग्णालयांना.

९. काकूंना उत्तर

हे सगळं ऐकून काकूंनी लेकीला फोन लावला. भाव काय चाललाय हे विचारलं नाही, विचारलं, "तुझ्या पंपाचा पट किती येतो गं?"

लेकीने ॲप उघडून सांगितलं, "या वर्षाची सरासरी ४. बसवताना रेडिएटर मोठे घेतले ना, त्यामुळे पाणी ३८-४० अंशांवरच भागतं."

चार पट म्हणजे १०,००० युनिट उबेसाठी २,५०० युनिट वीज, ६६० पौंड. बॉयलरपेक्षा ८१ पौंड कमी आणि गॅसचं मीटर काढलं असेल तर २०५ पौंड कमी. जुने लहान रेडिएटर ठेवून पाणी ५५ अंशांवर फिरवलं असतं आणि पट २.८ वर आला असता, तर त्याच दरात ९४३ पौंड गेले असते. वीजदर ठरवणारे लोक काकूंच्या लेकीला विचारत नाहीत. विहीर किती खोल ठेवायची, एवढंच तिच्या हातात होतं.

काकूंनी फोन ठेवला आणि आपल्या तळहाताकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे चटका बसला असता, तर तो बिलालाही बसला असता."